एका रुपयाच्या चांदीचे दोन रुपये कसे झाले?

पत्र

ताई, मी हुपरीची. दहावीला 88 टक्के पडले म्हणून कोल्हापुरात अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता सगळं इंग्रजीतून. केमिस्ट्रीच्या पहिल्याच युनिट टेस्टला 25 पैकी 4 मिळाले. मोल, मोलर मास, लिमिटिंग रिएजंट यातलं काहीच झेपत नाही. सूत्रं पाठ आहेत, पण गुणायचं कधी आणि भागायचं कधी तेच कळत नाही.

एक गणित असं होतं: 17 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आणि 11.7 ग्रॅम मीठ, दोन्हींची द्रावणं एकत्र केली, तर सिल्व्हर क्लोराइड किती मिळेल? माझं उत्तर 28.7 ग्रॅम आलं. मैत्रिणीनं वेगळ्या रीतीनं केलं, तिचंही 28.7 आलं. म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दोघींना शून्य! दोघींच्या पेपरांचे फोटो पाठवते.

पप्पा चांदीचे पैंजण करतात. मार्क बघून म्हणाले, "झेपत नसंल तर कॉमर्सला जा, शेवटी आपल्याला हिशेबच बघायचा हाय." मी रागानं म्हणाले, "तुम्हाला यातलं काय कळतंय?" तेव्हापासून घरात अबोला आहे. सायन्स सोडू का?

— अकरावीची एक विद्यार्थिनी

उत्तर

अगं पोरी, सायन्स सोडायचं का ते शेवटी बघू. आधी तुझं ते 28.7 बघू दे, कारण फोटो बघितल्यापासून मला त्यानंच धरून ठेवलंय. मी बरीच वर्षं अकरावीला केमिस्ट्री शिकवली, पण दोन चुकीच्या वाटा अशा एकाच फाट्यावर येऊन मिळालेल्या क्वचितच बघितल्या.

तुझ्या मैत्रिणीनं सरळ 17 आणि 11.7 ची बेरीज केली. तू मिठाचे 11.7 ग्रॅम घेतलेस, 58.5 नं भागून 0.2 मोल काढलेस आणि त्याला सिल्व्हर क्लोराइडच्या 143.5 नं गुणलंस. म्हणजे तुला भागायचं कुठं आणि गुणायचं कुठं हे कळत नाही, असं नाहीच. दोन्ही जागी तू बरोबर केलंस. चुकलं ते दुसरीकडंच.

आता घटकाभर केमिस्ट्री बाजूला ठेव आणि पैंजणवाल्याची पोरगी म्हणून बघ. सिल्व्हर नायट्रेटमध्ये चांदीचे 108 भाग, नायट्रोजनचे 14 आणि तीन ऑक्सिजनचे 48, एकूण 170. मग 17 ग्रॅममध्ये चांदी किती? 10.8 ग्रॅम. पप्पांच्या भाषेत हा साधारण साडेत्रेसष्ट टंचाचा माल झाला, म्हणजे मालाच्या शंभर भागांत चांदीचे साडेत्रेसष्ट. आता तुझं उत्तर घे. सिल्व्हर क्लोराइडमध्ये चांदी 108, क्लोरीन 35.5, एकूण 143.5. तर 28.7 ग्रॅम सिल्व्हर क्लोराइडमध्ये चांदी किती? 21.6 ग्रॅम.

दहा ग्रॅम आठशे मिलिग्रॅम चांदी आत गेली आणि एकवीस ग्रॅम सहाशे मिलिग्रॅम बाहेर आली. वरची चांदी आणलीस कुठून?

घरात आजीच्या पेटीत राणीछाप रुपया असेल तर तो हातात घेऊन बघ. त्याचं वजन जुना एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे निव्वळ चांदी जवळपास 10.7 ग्रॅम. परीक्षेच्या त्या चंचुपात्रात जवळजवळ एका राणीछाप रुपयाची चांदी विरघळलेली होती. तू त्यात मिठाचं पाणी ओतलंस आणि दोन रुपयांची चांदी काढलीस. असलं मीठ मिळत असेल तर मला पण किलोभर पाठव. (आजीचा रुपया खरोखर नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायला जाऊ नकोस. तांबूस धूर निघतो, तो विषारी असतो, आणि आजी काय म्हणेल ते वेगळंच.)

मैत्रिणीच्या बेरजेचं काय, तेही सांगते. तिचा 28.7 हा आकडा खोटा नाही, फक्त तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. पाणी सोडून पात्रात जे जे काही आहे त्या सगळ्याचं वजन 28.7 ग्रॅम, अभिक्रियेच्या आधीही आणि नंतरही. आणि तुझा आकडा तिच्याशी जुळला कसा? मी पाठकोऱ्या कागदावर मांडून बघितलं. एक नायट्रेट 62 आणि दोन सोडियम 46, बेरीज 108. नेमकं चांदीच्या अणूचं वजन! निव्वळ योगायोग आहे हा, रसायनशास्त्राचा त्यात काही नियम नाही. पण त्याचा अर्थ बघ: तू सोडियम आणि नायट्रेट चांदीच्या भावात विकलंस. बाजारात असं केलं असतंस तर दुकान बंद झालं असतं. परीक्षेत नुसतं शून्यावर निभावलं.

आता खरं दुखणं. मीठ 11.7 ग्रॅम, सिल्व्हर नायट्रेट 17 ग्रॅम. डोळ्याला काय वाटतं? मीठ कमी आहे, तेच आधी संपणार. म्हणून तू मिठावरून हिशेब धरलास. पण अभिक्रिया वजन बघत नाही, नग बघते. चांदीचा एक नग आणि क्लोरीनचा एक नग, अशी जोडी लागते. प्रश्न एवढाच की कुणाचे नग किती आहेत.

आणि इतके बारीक नग मोजायचे कसे, हे तुझ्या घरात रोज चालतं. पप्पा घुंगरं एकेक करून मोजत बसतात का? मी एकदा कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, साज गाठवून घ्यायला गेले होते. दुकानदारानं वीस मणी मोजून काट्यावर टाकले, वजन बघितलं आणि बाकीचे मणी नुसते वजनावर ओतले. मी म्हटलं, "मोजा की नीट." तो म्हणाला, "मोजलेच की वैनी." पटवेकऱ्याकडे गेल्यावर मी हट्टानं मोजले, तर एकही कमी-जास्त नव्हता. त्या दुकानदारानं जे केलं त्यालाच तुमच्या पुस्तकात मोल म्हणतात. एका ठरावीक संख्येच्या ढिगाचं वजन माहीत असलं, की पुढचं मोजणं काट्यावर सोपवता येतं.

आपल्याकडं उसाची मोळी बांधतात, तसा मोल म्हणजे कणांची मोळी समज. फरक इतकाच की फडातल्या मोळीत ऊस कमी-जास्त असतात आणि या मोळीत संख्या अगदी पक्की. मोळीतले नग तेवढेच, पण वजन मात्र नगाप्रमाणे वेगळं. सिल्व्हर नायट्रेटची मोळी 170 ग्रॅमची, मिठाची 58.5 ची. म्हणून 17 ग्रॅम म्हणजे मोळीचा दहावा भाग, 0.1. आणि 11.7 ग्रॅम मीठ म्हणजे 0.2. काट्यावर हलकं दिसणारं मीठ नगांनी दुप्पट भरलं. मोठी घुंगरं आणि बारीक घुंगरं शेजारी ठेवून बघितलीस तर हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

म्हणजे आधी संपणार चांदी. जे आधी संपतं आणि पुढचं काम अडवतं त्याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात, नाव भारी आहे इतकंच. चांदीच्या 0.1 मोलवर सगळं थांबणार, म्हणून सिल्व्हर क्लोराइड 0.1 गुणिले 143.5, म्हणजे 14.35 ग्रॅम.

हे वहीत कसं मांडायचं? पप्पांच्या खतावणीसारखं. प्रत्येक पदार्थाला एक ओळ आणि तीन रकाने: आवक, जावक, शिल्लक. सगळं मोलमध्ये लिहायचं, ग्रॅम आत आणायचे नाहीत. सिल्व्हर नायट्रेट आवक 0.1, जावक 0.1, शिल्लक शून्य. मीठ आवक 0.2, जावक 0.1, शिल्लक 0.1. सिल्व्हर क्लोराइड आणि सोडियम नायट्रेट आधी काहीच नव्हते, दोन्ही 0.1 नवे तयार झाले. शेवटी शिल्लक ग्रॅममध्ये आण: सिल्व्हर क्लोराइड 14.35, सोडियम नायट्रेट 8.5, उरलेलं मीठ 5.85. बेरीज करून बघ. आली का मैत्रिणीची 28.7? ही बेरीज जुळली नाही तर पेपर सोडायचा नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एक सावधगिरी सांगते. इथं एकास एक जोडी होती म्हणून जावक दोन्हीकडं सारखी आली. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी करताना हायड्रोजनचे दोन मोल जातात तेव्हा ऑक्सिजनचा एक. आधी समीकरण संतुलित कर, त्यातले आकडे जावक रकान्यात वापर. ते आकडे नगांचे असतात, ग्रॅमचे नसतात. वर्गातली निम्मी पोरं इथंच घसरायची.

आता तुझं "गुणायचं कधी, भागायचं कधी". मोलर मास हा भाव आहे असं समज. चांदीचा भाव रुपये प्रति ग्रॅम, तसा मोलर मास ग्रॅम प्रति मोल. इतक्या रुपयांत किती ग्रॅम येईल हे काढायला तू भावानं भागतेस, आणि इतक्या ग्रॅमला किती रुपये पडतील हे काढायला गुणतेस. कुणी सूत्र पाठ करून घेतलं होतं का? इथंही तसंच: ग्रॅमवरून मोलकडं जाताना भाग, परत येताना गुण. प्रत्येक आकड्यापुढं एकक लिही. तुझ्या पेपरात 58.5 च्या पुढं काहीच नाही, 143.5 च्या पुढंही नाही. बिनएककाचा आकडा म्हणजे चिठ्ठी नसलेली पुडी, आत काय आहे ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

आणि त्या 10 च्या 23 व्या घाताला इतकं घाबरू नकोस. तो म्हणजे ॲव्होगॅड्रो अंक, एका मोळीतल्या नगांची ती पक्की संख्या. हा अंक पूर्वी 12 ग्रॅम कार्बन-12 मधल्या अणूंच्या संख्येवरून ठरायचा. 20 मे 2019 पासून तो 6.02214076 गुणिले 10 चा 23 वा घात असा कायमचा नेमून टाकलाय. पण तुझ्या या गणितात तो कुठं लागला का? नाही लागला. अणू किंवा रेणू किती असं थेट विचारलं तरच तो बाहेर काढायचा. दुकानदारानं मण्यांचा एकूण आकडा मला सांगितलाच नव्हता, तरी साज पुरा झाला.

तुझ्या परीक्षेतलं हे गणित कुणी खुर्चीत बसून रचलेलं नाही, त्याला इतिहास आहे आणि तो तुमच्याच धंद्याचा आहे. 1832 साली गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं पॅरिसच्या टाकसाळीसाठी चांदीचा टंच काढायची नवी रीत बसवली. त्याआधी शिशाबरोबर भट्टीत तापवून टंच काढायचे आणि त्यात थोडी चांदी वाया जायची, म्हणून माल आहे त्यापेक्षा हलका ठरायचा. यानं काय केलं? चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवली आणि वरून मिठाचं पाणी सोडलं. पांढरा, दह्याच्या चोथ्यासारखा साका खाली बसतो. ढवळायचं, निवळू द्यायचं, परत थेंब टाकायचा. नव्या थेंबानं वरचं पाणी जरासुद्धा गढूळ झालं नाही की चांदी संपली. मिठाचं पाणी किती लागलं त्यावरून चांदी किती. हिशेब तोंडी करता यावा म्हणून त्यानं पाणीच असं बनवलं होतं की 100 मिलीलिटरला बरोबर 1 ग्रॅम चांदी बसावी. तुझ्या गणितात मीठ जास्त होतं, त्याच्या हातात मीठ थेंबाथेंबानं जात होतं, बाकी अभिक्रिया तीच.

(पुढं अणूंची वजनं नेमकी काढण्यात चांदीनं फार मोठं काम केलं, आणि एकेकाळी विजेचा प्रवाह मोजायचा अँपिअरसुद्धा सेकंदाला 1.118 मिलिग्रॅम चांदी बसवणारा प्रवाह असा ठरवलेला होता. हुपरीच्या पोरीला केमिस्ट्री परकी वाटावी याचं मला म्हणूनच नवल वाटतं.)

वर्गात एक शब्द येईल, परसेंटेज यील्ड. समज, प्रयोगशाळेत तू हेच केलंस आणि 14.35 ऐवजी 13.9 ग्रॅम हातात आलं. थोडं गाळणकागदाला चिकटलं, थोडं धुताना गेलं. 13.9 भागिले 14.35, म्हणजे 96.9 टक्के. पप्पा उरलेल्या 3.1 टक्क्यांना घट म्हणतील. साखर कारखान्याची पोरं याला उतारा म्हणायला जातील, पण तिथं जरा थांब: साखरेचा उतारा उसाच्या सगळ्या वजनावर धरतात, म्हणून तो दहा-बारा टक्के असला तरी कुणी रडत नाही. यील्ड धरायचा तो जास्तीत जास्त जितकं मिळू शकलं असतं त्यावर.

भाषेचं. हा त्रास खरा आहे, आणि तो तुझा दोष नाही. मीही मराठी शाळेतून आले. अकरावीच्या पहिल्या महिन्यात "लिमिटिंग" हे कुणा शास्त्रज्ञाचं नाव असावं असं मला वाटायचं, आणि विचारायची लाज वाटायची. तू नववीचं विज्ञानाचं पुस्तक शोधून काढ, माळ्यावर असेल. त्यात "द्रव्याचे मोजमाप" नावाचा धडा आहे. रेणुवस्तुमान, मोल, ॲव्होगॅड्रो अंक, सगळं तू मराठीत एकदा शिकलेली आहेस. आधी तो धडा वाच, मग अकरावीचा पहिला. सकाळच्या एसटीत बसून पंधरा-वीस शब्दांची जोडयादी कर. आणि वर्गात शंका मराठीत विचार. सर उत्तर इंग्रजीत देऊ देत, प्रश्न मराठीत विचारायला कुणाची बंदी नाही.

मोलमध्ये गोंधळलेली तू पहिली नाहीस. वायूंमधले रेणू कसे मोजायचे याचा आपला विचार ॲव्होगॅड्रोनं 1811 मध्ये मांडला. तो लोकांच्या गळी उतरायला 1860 ची जर्मनीतल्या कार्ल्सरूची रसायनशास्त्रज्ञांची परिषद उजाडावी लागली. मधली पन्नास वर्षं मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ पाण्याच्या रेणूत हायड्रोजन एक की दोन यावर भांडत होते. तुझी अजून एकच युनिट टेस्ट झालीय.

आता पप्पा. खरं सांगू, तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य मार्कांचं नाही, "तुम्हाला यातलं काय कळतंय" हे आहे. कॉमर्सला जा म्हणण्यात त्यांनीही घाई केली. एका टेस्टवर पोरीची शाखा बदलायची नसते, आणि नापासांना कोंबायची जागा म्हणून कॉमर्सकडं बघायचं नसतं. पण हिशेबच बघायचा आहे, हे ते चुकीचं बोलले नाहीत. गेली दोन पानं आपण दुसरं काय करतोय?

माफीबिफीचं भाषण करू नकोस, आपल्याकडच्या बापांना ते ऐकताना अवघडल्यासारखं होतं. रविवारी काम आटोपल्यावर चहा घेऊन जा आणि गणित असं विचार: "पप्पा, साडेत्रेसष्ट टंचाचा 17 ग्रॅम माल आहे. त्यातली सगळी चांदी काढून पंचाहत्तर टंचाच्या वर जरासा, 75.3 चा माल केला तर किती भरेल?" मोल हा शब्द काढायचा नाही. ते कॅल्क्युलेटर घेतील नाहीतर तोंडीच सांगतील. साडेचौदाच्या जरा खाली, असं उत्तर आलं की मग तुझा शून्यवाला पेपर त्यांच्यापुढं ठेव. पुढं काय बोलायचं ते तुमचं तुम्हाला सुचेल.

शाखेचा निर्णय दिवाळीनंतर घे. तोवर रोज एक गणित, एकच, पण तीन रकाने मांडून आणि शेवटची बेरीज जुळवून. दिवाळीनंतरही वही उघडाविशी वाटली नाही तर खुशाल कॉमर्सला जा. तेव्हा तू स्वतःहून गेलेली असशील, कुणी हाकललेली नाही.

पुढचं पत्र लिहिशील तेव्हा एक उत्तर सोबत पाठव. गे-ल्युसॅकचं ते पाणी, 100 मिलीलिटरला 1 ग्रॅम चांदी बसवणारं. तसं एक लिटर पाणी बनवायला मीठ किती ग्रॅम लागेल? साडेपाचच्या किंचित खाली आलं तर बरोबर. आणि एककं लिहायला विसरू नकोस, नाहीतर मीही शून्यच देईन.